विचारा की ताई : जीपमधून पोरं नेली, पण कागद कुठाय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातनं लिहितोय. आमच्या गल्लीतली दोन भावंडं, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा, आईबाप गोव्याला बांधकामावर, इकडं आजी सांभाळायची ती गणपतीनंतर वारली. मग एक दिवस जीप आली, कुठल्यातरी आश्रमाची माणसं म्हणाली शिक्षण जेवण सगळं फुकट, चुलत्यानं सही केली आणि पोरं गेली. आता फोन लावला की अभ्यासाला बसलीत एवढंच सांगतात. पंचायतीत विचारलं तर हे आमच्याकडं येत नाही, जिल्ह्याचं काम म्हणाले. अशा ठिकाणांवर कुणाचंच लक्ष नसतं काय? ग्रुपवर पोरांचा फोटो टाकून विचारू का?

उत्तर : दादा, फोटोचं पहिल्यांदा सांगते, कारण ते तुम्ही आज रात्रीच करून बसाल अशी भीती वाटली. फोटो टाकू नका, नाव नको, शाळेचं नाव पण नको. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ७४ वं कलम आहे, अशा मुलांची ओळख पटेल असं काही पसरवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा राहू दे बाजूला, ती पोर उद्या त्याच गल्लीत परत येणार आहे, तिच्याकडं बोट दाखवून कुणी ही आश्रमात नेलेली म्हणायला नको.

आधी आईबापाला फोन लावा. ते जिवंत आहेत, त्यांना कुणी विचारलं काय? चुलत्याची सही म्हणजे परवानगी होत नाही. मग १०९८ ला लावा, मुलांच्या मदतीचा नंबर आहे तो, फुकट आहे, रात्री अपरात्री पण चालतो, २०२३ पासून ही लाईन सरकारच चालवतंय. सांगायचं ते एवढंच, की आईबाप असताना पोरं नेली आणि बाल कल्याण समितीपुढं हजर केली होती काय ते आम्हाला कळत नाही. हा शेवटचा प्रश्न धरून ठेवा बघा, सगळं त्याच्यावर आहे. ही समिती जिल्ह्याची, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि कुठल्याही संस्थेला असं पोर ठेवून घ्यायचं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्यांच्यापुढं न्यायलाच लागतं, ते चौकशी करून ठरवतात पोर कुठं राहील, आणि कायद्यातच लिहिलंय की आश्रम हा शेवटचा मार्ग, आधी घर बघायचं. संस्थेची ४१ व्या कलमाखाली नोंदणी पण पाहिजे. नोंदणी नसताना चालवत असतील तर एक वर्षापर्यंत कैद नाहीतर कमीत कमी एक लाख दंड, किंवा दोन्ही.

आता लक्ष कुणाचं. लक्ष ठेवणारे खूप आहेत हो, पण एकमेकांवर सोडून बसतात आणि पोर तिथंच मधी पडतं. बाल कल्याण समितीनं महिन्यातनं कमीत कमी दोन वेळा संस्थांना भेट द्यायची. जिल्ह्याची वेगळी तपासणी समिती असते, तिनं तीन महिन्यातनं एकदा तरी जायचं, किमान तिघं, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर पाहिजेच. आणि या सगळ्यांच्या वर डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी. २०२१ ला कायदा बदलला तो सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला, त्यात डीसींचे अधिकार आणखी वाढवले, कल्याण समितीच्या कामाचा दर तीन महिन्याला आढावा घ्यायचा आणि समितीबद्दल तक्रार असेल तर ऐकून घ्यायची ती पण त्यांनीच.

मी बावीस वर्षं अंगणवाडीचं काम केलं. एकदा एका संस्थेत गेले होते, नाव सांगत नाही, तिथलं भेट रजिस्टर उघडलं तर वर्षभराच्या चार भेटींच्या सह्या एकाच निळ्या पेनानं, एका ओळीखाली एक, शाई पण सारखीच ओली झालेली. शेरा चारही वेळा तोच, मुले समाधानी आहेत. मागच्या खोलीत एक पोरगं तापानं फणफणलं होतं, त्याच्या उशाला पाण्याचा तांब्या नव्हता. तेव्हापासून मी तपासणी झाली काय असं विचारत नाही, कोण गेलं, कुठल्या तारखेला आणि मुलांशी एकटं बसून बोललं काय, असं विचारते. तुम्ही पण तसंच विचारा. माहिती अधिकाराची अर्जी दहा रुपयात होते, तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं. जिल्हा बाल संरक्षण घटक म्हणून सरकारी ऑफिस असतं, त्यांना लिहा, या संस्थेची नोंदणी आहे काय आणि गेल्या वर्षातल्या तपासणीच्या तारखा कुठल्या. पोरांची नावं त्यात घालू नका.

आणि पंचायत. आश्रमाची तपासणी जिल्ह्याची हे पीडीओ साहेबांचं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांचं, बरोबर, पण गावातनं पोर गेलं कुठं हे बघणं पंचायतीचंच. मिशन वात्सल्य म्हणून केंद्राची मुलांसाठीची योजना आहे, तिच्या २०२२ च्या नियमात स्पष्ट आहे, गावपातळीवर मुलांच्या संरक्षणाचं काम पंचायतीच्या महिला-बालकल्याण किंवा सामाजिक न्याय बघणाऱ्या समितीकडं द्यायचं. तेव्हा ग्रामसभेत उठा, पंचायतीच्या अध्यक्षांना विचारा, ते काम आपल्याकडं कुठल्या समितीकडं आहे, शेवटची बैठक कधी झाली, शाळेतनं नाव कमी झालेली मुलं कुठं गेली, ऊसतोडीला, वीटभट्टीवर, की अशाच जीपमधनं? या दोन पोरांबद्दल सभेत बोलू नका, व्यवस्थेबद्दल बोला. ठराव वहीत लिहून घ्यायला लावा. नोव्हेंबरच्या आसपास मुलांची ग्रामसभा होते ती मक्कळ ग्रामसभा, तिथं तर मुलंच विचारू शकतात, बऱ्याच गावात भाषण आणि बिस्किट वाटून संपवतात ते फार वाईट वाटतं.

प्रश्न : निपाणीहून. नवरा वारला दोन वर्षं झाली, मी बिडी वळते, मुलगा सातवीत. सगळे म्हणतात आश्रमात घाल, शिकेल तरी. चार हजाराची काही योजना आहे म्हणतात, खरं काय?

उत्तर : खरं आहे अक्का, आणि पोराला कुठं घालू नका. मिशन वात्सल्यमधलीच स्पॉन्सरशिप, महिन्याला चार हजार रुपये, मूल घरीच राहून शिकावं म्हणूनच केलेली. विधवा आई असेल तर बसतं त्यात, शहरात वर्षाचं उत्पन्न ९६ हजारांच्या वर नको, खेड्यात ७२ हजार. नवऱ्याचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक घेऊन बाल संरक्षण घटकाकडं अर्जी द्या, वाट माहीत नसेल तर अंगणवाडीच्या बाईंना विचारा. मंजुरी समितीचे अध्यक्ष डीसी असतात, त्यामुळं वेळ लागतो, पण शाळा सुटू देऊ नका, हजेरी बघतात.

प्रश्न : ताई, माझ्या भाचीच्या केसमध्ये जबाब कन्नडमध्ये लिहिला आणि इथं सही कर म्हणाले. आम्हाला वाचता येत नाही. काय करायचं?

उत्तर : पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची केस असेल तर २०१२ च्या कायद्यातच आहे, मुलाला न कळणाऱ्या भाषेत लिहिलं तर दुभाषी द्यायचा, आणि १९ वं कलम म्हणून सांगा, मग टाळत नाहीत. आवाज न चढवता म्हणा, मराठीत वाचून दाखवा, कळलं की सही करतो. अर्जी देताना एका बाजूला कन्नड आणि मागं मराठी, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या आठवड्यात अर्जी आलीच नाही म्हणतात, माझ्याच समोर एका आजीला तसं सांगितलेलं आहे.