व्हिडिओ डोअरबेलवर माड हलला तरी 'मोशन डिटेक्टेड' येतं. हे खोटे अलर्ट कमी कसे करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईबाबा गोव्यात डिचोलीजवळ जुन्या कौलारू घरात, तुम्ही पुण्यात. दाराशी बॅटरीवाली व्हिडिओ डोअरबेल लावली. आता माड हलला, मांजर गेलं, रस्त्यावरून स्कूटर गेली की तुमचा फोन वाजतो. सेन्सिटिव्हिटी कमी केली तर शेजारच्या काकू येऊन बसल्या तरी पत्ता लागत नाही.

मी फोंड्याच्या बाजूला घरांचं वायरिंग आणि कॅमेऱ्यांची कामं करतो, त्यामुळे ही तक्रार माझ्या रोजच्या ऐकण्यातली आहे. सरळ उत्तर देतो: सेन्सिटिव्हिटीला सगळ्यात शेवटी हात लावा. बेल कुठे बसवली आहे आणि तिचं तोंड कुठे आहे, त्यावर बरंचसं ठरतं. अॅपमधली बटणं त्यानंतर.

पुण्यातल्या फ्लॅटला लागू पडणारा सल्ला तुमच्या घराला चालणार नाही, हेही आधीच सांगतो. फ्लॅटवाल्याला मी म्हणतो, मोशनचे अलर्ट बंदच करून टाका, रेकॉर्डिंग फक्त चालू ठेवा, कोणी बटण दाबलं की फोन वाजेलच. पण आपल्याकडे बटण दाबतं कोण? माणूस गेट उघडून येतो, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, सोप्यावर (तिथल्या बांधीव बाकावर) बसतो आणि मग हाक मारतो, "कोण आसा रे घरांत?" बेलकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे मोशन तुम्हाला हवंच आहे, फक्त ते पायरीवरचं हवं. अंगणातलं, गेटावरचं, रस्त्यावरचं नको. खालचं सगळं यासाठीच.

बॅटरीवाल्या बेलमधला कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो. जागा असतो तो पीआयआर सेन्सर. बटणाच्या वर किंवा खाली प्लास्टिकची दुधी किंवा काळपट खिडकी दिसते, ती त्याची. त्याला चित्र दिसत नाही, उष्णता कळते. समोरच्या जागेचे तो पट्टे पाडतो आणि एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात ऊब सरकली की कॅमेऱ्याला उठवतो. त्यामुळे आडवं जाणारं त्याला पटकन कळतं आणि सरळ अंगावर येणारं उशिरा. आता तुमची बेल बघा. दाराच्या चौकटीला, तोंड गेटाकडे, म्हणजे रस्त्याकडे. रस्त्यावरची स्कूटर तापलेलं इंजिन घेऊन आडवी जाते, ती लगेच पकडली जाते. काकू पायवाटेवरून सरळ दाराकडे येतात, त्या राहून जातात. तुम्ही सेन्सिटिव्हिटी कमी केल्यावर झालं ते हेच. सेन्सर बिघडलेला नाही, त्याला उभंच चुकीच्या दिशेला केलंय.

माडाचंही तसंच. झावळीला स्वतःची अशी ऊब नसते. पण एप्रिल-मेच्या दुपारी चिऱ्याचा गडगा आणि अंगण तापलेलं असतं, त्यावर झावळीची सावली मागेपुढे होते, तापलेला तुकडा झाकतो-उघडतो, आणि सेन्सरला वाटतं काहीतरी चाललं. त्याच वेळी खरा माणूस मात्र नीट कळत नाही, कारण आजूबाजूचं सगळंच अंगाच्या उष्णतेच्या जवळ पोचलेलं असतं. कडक उन्हाळ्यात 'कोणी आलं की कळत नाही आणि कोणी नसताना वाजतं' अशी दोन्ही गाऱ्हाणी एकाच घरातून येतात ती यामुळे.

अजून एक. तुमच्या काही क्लिपमध्ये काहीच दिसत नाही, नुसतं रिकामं अंगण, असं तुम्ही लिहिलंय. त्या सगळ्या खोट्या असतीलच असं नाही. सेन्सरने उठवल्यावर कॅमेरा सुरू व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात सायकलवाला निघून गेलेला असतो. वाय-फाय कमजोर असेल तर अलर्टही उशिरा येतो आणि लाइव्ह उघडेपर्यंत समोर कोणीच नसतं. जुन्या घराच्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात, सिग्नल खातात. राउटर मागच्या खोलीत टीव्हीजवळ असेल तर तो दाराजवळच्या खोलीत आणा, आणि बेल २.४ गिगाहर्ट्झवरच जोडलेली आहे ना ते पाहा. भिंतीतून तो सिग्नल ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरा पोचतो.

आता बेल हलवायची. बाल्कांव असलेल्या घरात मी ती दाराच्या चौकटीवर न लावता बाल्कांवाच्या बाजूच्या भिंतीवर लावतो, सोप्याच्या पाठीच्या वर, अशी की तिचं तोंड समोरच्या सोप्याकडे राहील. पायरी चढून येणारा माणूस मग तिच्यासमोरून आडवा जातो, रस्ता तिच्या नजरेबाहेर राहतो आणि मागे भिंत असल्यामुळे माडबिड काही दिसत नाही. चेहराही बरा येतो, कारण पाठीमागे लख्ख उजेड नसतो. जागा बदलणं शक्य नसेल तर तिरका वेज मिळतो, बेलच्या खाली लावायचा तिकोनी तुकडा, त्याने तोंड दाराकडे वळवा. उंची साधारण चार फूट. लोकांना वाटतं वर लावली की चोराचा हात पोचणार नाही. पण बेल वरून खाली बघायला लागली की बाल्कांवात पसरलेला गावठी कुत्रा दर कूस बदलण्याला तुम्हाला पुण्यात कळवत राहतो.

एवढं करूनही एका कडेने रस्ता दिसतच असेल तर आमची जुनी युक्ती आहे: सेन्सरच्या खिडकीचा रस्त्याकडचा भाग काळ्या इन्सुलेशन टेपने झाका. चोर-अलार्म बसवणारे हे पूर्वीपासून करत आलेत. टेपची बारीक पट्टी कापा, खिडकीच्या कडेपासून आत चिकटवा, मग कोणाला तरी रस्त्यावरून चालायला सांगा. वाजली तर पट्टी थोडी आत सरकवा. कॅमेऱ्याच्या काचेवर टेप येऊ देऊ नका. पावसाळ्यात ती सुटते, तेव्हा बदलायची. अॅपमधल्या झोनपेक्षा (चित्राच्या ठरावीक भागापुरतेच अलर्ट मागायची सोय) हिचा एक फायदा असा की पुष्कळ बॅटरी बेलमध्ये झोन तपासला जातो तो कॅमेरा उठल्यावर. म्हणजे अलर्ट आला नाही तरी बॅटरी खर्च झालेलीच असते. टेपमुळे तो उठतच नाही.

मग झोन. अॅपमध्ये मोशन झोन किंवा अॅक्टिव्हिटी झोन अशा नावाने असतो. बहुतेक जण सगळं चित्र व्यापणारा चौकोन ठेवतात किंवा माणसाच्या उंचीएवढा काढतात. तुम्ही तो खाली काढा. पायऱ्या, बाल्कांवाची जमीन आणि सोप्याची बैठक, एवढंच. पुष्कळ अॅपमध्ये हलणाऱ्या वस्तूचा एक कोपरा झोनला लागला तरी अलर्ट जातो, म्हणून झोनमध्ये आकाश, झाडाचा शेंडा, वाळत घातलेले कपडे काही नको. आत येणाऱ्याला पाय जमिनीवर ठेवावाच लागतो. गेटही वगळा. पोदेर पाव ठेवून जातो ती कापडी पिशवी गेटाला अडकवलेली असते ना, ती वाऱ्यावर हलली तरी वायरवर सतत चालणाऱ्या बेल चित्र बदललं म्हणून ओरडतात.

रात्रीचं प्रकरण वेगळं आहे आणि माझ्या मते सगळ्यात त्रासाचं. अंधार पडला की बेल इन्फ्रारेड एलईडी लावते. आपल्याला तो उजेड दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. तो लेन्सच्या अगदी बाजूलाच असतो, त्यामुळे जे काही काचेजवळ असेल ते पांढरंशुभ्र होऊन दिसतं. बोटभर अंतरावरून गेलेला पतंग स्क्रीनवर कबुतराएवढा. पाऊस म्हणजे पांढऱ्या रेघांचा मारा. आणि कोळी! बेलच्या छोट्या छपराखाली त्याला आडोसा मिळतो, आसपासच्या दिव्यांना किडे येतात, म्हणजे घर आणि खाणावळ एकाच जागी. काचेसमोर त्याने एक तंतू ओढला की तो वाऱ्यावर झुलतो आणि क्लिपमध्ये जाडजूड पांढरा दोर इकडून तिकडे हेलकावताना दिसतो. 'काल रात्री दाराशी भुताटकी दिसली' म्हणून मला बोलावणी आली आहेत. सुक्या मऊ फडक्याने पुसलं की भूत गेलं.

तेव्हा आठवड्यातून एकदा बेल पुसणं हे काम आईबाबांपैकी एकाच्या गळ्यात घाला. किनाऱ्याजवळचं घर असेल तर आधी ओलसर फडकं, कारण काचेवर खारी साय धरते आणि रात्री तिच्यावर इन्फ्रारेड पसरून सगळं धुरकट होतं. कडुलिंबाचं तेल बोटाने बेलच्या कडेला आणि भिंतीला लावलं तर कोळी काही दिवस टळतो असं पुष्कळ जण करतात. करायचं तर काचेला आणि सेन्सरला लागू देऊ नका. याहून चांगला उपाय म्हणजे बाल्कांवात छताला, बेलपासून लांब, पिवळट उजेडाचा छोटा एलईडी रात्रभर ठेवायचा. पांढऱ्या-निळसर उजेडापेक्षा पिवळ्याकडे किडे कमी येतात. आणि पुरेसा उजेड असला की बेल इन्फ्रारेड लावतच नाही, चित्र रंगीत राहतं, काचेजवळचे किडे चमकत नाहीत. विजेचं बिल नगण्य.

पावसाळ्यात पागोळ्या बघा. कौलांच्या कडेने पडणारी धार बेलच्या समोरून जात असेल तर जून ते सप्टेंबर तुम्हाला झोप नाही. बेल पागोळीच्या रेषेच्या आत, भिंतीकडे हवी. बाजूच्या भिंतीवर लावली असेल तर हे आपोआप साधतं.

आता 'पर्सन डिटेक्शन', काही अॅपमध्ये 'ह्यूमन डिटेक्शन'. असेल तर जरूर चालू करा. कुत्रं, मांजर, माड, गाडी यातलं बरंच गळून जातं. काही कंपन्यांत ते बेलमध्येच चालतं, काहींत क्लाउडवर आणि दरमहा पैसे भरल्यावर. विकत घेण्याआधी हेच विचारायचं असतं, पण दुकानदार मेगापिक्सेल सांगत बसतो. पण या डिटेक्शनवर पूर्ण भरवसा ठेवू नका. दोरीवर वाळत घातलेला शर्ट, समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, यांना ते कधीकधी माणूस समजतं. रडारवाल्या बेलही आहेत. रिंग या कंपनीने २०२१ मध्ये डोअरबेल प्रो २ मध्ये रडार आणला, त्यात वस्तू किती अंतरावर आहे ते मोजून 'एवढ्या अंतराच्या आतलंच सांग' असं ठरवता येतं. चांगली सोय आहे, पण हातातली बेल चालू असताना मी त्यासाठी नवी घ्यायला सांगणार नाही.

सेन्सिटिव्हिटी आता. वरचं सगळं झाल्यावर ती मध्यावर ठेवा, पुण्याहून फोन करून बाबांना पायऱ्या चढायला-उतरायला सांगा, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. दोन्ही वेळा कळलं तर एक पायरी कमी करून पुन्हा बघा. जिथे चुकलं त्याच्या एक पायरी वर थांबा.

राहिले खरे अलर्ट जे तुम्हाला नकोत. सकाळी पोदेर भोंगा वाजवत येतो, मग मासेवाली, मग दूध. ही खरी माणसं आहेत, कुठलंही डिटेक्शन त्यांना गाळणार नाही. शेड्यूलमध्ये सकाळची ती वेळ अलर्टपुरती बंद ठेवा, रेकॉर्डिंग राहू द्या. दोन अलर्टमधलं अंतरही अॅपमध्ये वाढवता येतं. गप्पा मारायला बसलेल्या काकूंचे दर हातवाऱ्याला अलर्ट येण्यापेक्षा ते बरं. चतुर्थीला तर सरळ सगळं बंद करा. घरात माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधली की गावभरची ये-जा असते, आणि तुम्ही त्या दिवसांत बहुधा तिथेच असणार.

जो वाजवायचा तो आवाज घरात वाजू द्या, प्लगमध्ये लावायचा चाइम मिळतो. आईबाबांना दाराशी कोण आलं ते तुमच्याआधी कळायला हवं. तुमच्या फोनवर दिवसा आवाज बंद, रात्री अकरा ते पहाट चालू, असं माझं मत.

बेल वळवल्यावर शेजाऱ्यांचं दार किंवा न्हाणीघराची बाजू चित्रात येत असेल तर प्रायव्हसी मास्कने ती काळी करा. अलर्ट तर कमी होतातच, शेजारीही राग धरत नाहीत. आणि पाऊस लागल्यावर महिन्याभराने झोन एकदा उघडून बघा. मे महिन्यात मोकळी दिसलेली पायरी तोवर अळवाच्या आणि कर्दळीच्या पानांमागे गेलेली असते, पानं कापा किंवा झोन सरकवा.