नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. आता एखादा वैमानिक चुकून भलत्याच विमानतळावर उतरेल का?

तुम्ही नव्या विमानतळाशेजारच्या उलव्यात राहता, रोज विमानं उतरताना बघता आणि विचारता की जीपीएसच्या जमान्यात इतकी ढोबळ चूक होईलच कशी. चूक होते. आणि लांब कशाला जायचं, आपल्या मुंबईतच झाली आहे.

१५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी, म्हणजे मुंबईच्या मुख्य विमानतळाऐवजी, जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं. ते तिथून उडवून बाहेर काढेपर्यंत नऊ दिवस गेले. त्यानंतर १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ ला, जपान एअरलाइन्सच्या फ्लाइट ४७२ चं डीसी-८ पुन्हा जुहूलाच उतरलं. लंडनहून टोकियोला निघालेलं हे चार इंजिनांचं विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. माणसं वाचली, विमान कायमचं बाद झालं. जुहूची धावपट्टी आहे १,१४३ मीटरची, सांताक्रूझची मुख्य धावपट्टी साडेतीन हजार मीटरच्या आसपास.

या अपघाताचं नाव निघालं की ‘वैमानिक बेफिकीर होता’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. नकाशा उघडा. वारा पूर्वेचा असेल तर विमान समुद्राकडून येऊन सांताक्रूझच्या धावपट्टी ०९ वर उतरतं (आकडा म्हणजे धावपट्टीची दिशा, दहा-दहा अंशांत). किनारा ओलांडताच आधी येतं जुहू, धावपट्टी ०८. दिशेत फरक जेमतेम दहा अंशांचा. सांताक्रूझचं टोक तिथून आणखी दोनेक किलोमीटर पुढे आणि थोडं दक्षिणेला. ‘समोर धावपट्टी दिसेल’ अशी अपेक्षा ठेवलेल्या डोळ्याला समोर धावपट्टी दिसते. लांबी-रुंदीचं प्रमाण जवळपास असेल तर जवळची छोटी पट्टी आणि लांबची मोठी पट्टी काचेतून सारखीच भासते.

माझ्या मते चुकीचा विमानतळ म्हणजे बहुतेक वेळा वाटेत आधी लागणारा आणि त्याच रोखाचा विमानतळ. नोव्हेंबर २०१३ मध्ये ड्रीमलिफ्टर, म्हणजे मालवाहतुकीसाठी फुगवलेलं बोइंग ७४७, अमेरिकेतल्या विचिटाजवळच्या मॅककॉनेल हवाई तळाऐवजी जबारा या छोट्या विमानतळावर उतरलं. जायचं होतं १९ डाव्या धावपट्टीवर, उतरलं १८ वर. जबारा उत्तरेला, म्हणजे वाटेत आधी. १२ जानेवारी २०१४ ला अमेरिकेतल्याच साउथवेस्ट कंपनीचं ७३७ ब्रॅन्सन विमानतळाऐवजी शेजारच्या क्लार्क डाउनटाउन विमानतळावर उतरलं. १४ ऐवजी १२, आणि पट्टी ३,७३८ फुटांची, म्हणजे जवळजवळ जुहूएवढीच. टोकाच्या शंभरेक मीटर आधी विमान थांबलं. हे दोन्ही प्रकार रात्रीचे, हवा स्वच्छ असतानाचे. दोन्ही विमानांत योग्य विमानतळ दाखवणारी उपकरणं होती. धावपट्टी दिसली आणि उपकरणांकडे बघणं थांबलं, एवढंच घडलं.

म्हणून ‘हवा स्वच्छ आहे, आयएलएस कशाला लावायचा’ असं म्हणणाऱ्यांशी माझा कायमचा वाद आहे. आयएलएस म्हणजे धावपट्टीची दिशा आणि उतार रेडिओने दाखवणारी यंत्रणा. स्वच्छ हवेतच तो लावायचा. व्हिज्युअल अप्रोच, म्हणजे डोळ्यांनी बघून उतरायची परवानगी, मिळाला तरी त्या धावपट्टीची फ्रीक्वेन्सी लावा आणि आयडेंट, म्हणजे तिचा ओळख-संकेत, तपासा. आयएलएस नसेल तर एफएमएसमध्ये (विमानाच्या मार्ग-संगणकात) आरनॅव्ह अप्रोच, म्हणजे उपग्रहासारख्या साधनांवर आखलेला उतरण्याचा मार्ग, भरा आणि धावपट्टीची वाढीव मध्यरेषा स्क्रीनवर काढून घ्या. मग उंची अंतराशी ताडून बघा. तीन अंशांच्या उतारावर एका नॉटिकल मैलाला सुमारे ३२० फूट, म्हणजे पाच मैलांवर १,६०० आणि तीनवर साडेनऊशे. जुहूचंच उदाहरण घ्या. सांताक्रूझच्या ०९ चा आयएलएस लावलेला असेल आणि विमान जुहूच्या रोखाने पाचशे फुटांवर आलं असेल, तर ते खऱ्या उताराच्या साडेतीनशे फूट खाली असेल. ग्लाइडस्लोपचा, म्हणजे आयएलएसचा उतार दाखवणारा, काटा पार वरच्या टोकाला जाऊन बसेल. तो दिसला की कारण शोधत बसायचं नाही. आधी गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं), चर्चा वर गेल्यावर.

पीएपीआयवर, म्हणजे धावपट्टीशेजारच्या उतार दाखवणाऱ्या चार दिव्यांवर, भिस्त नको. दोन पांढरे, दोन लाल दिवे दिसले म्हणजे उतार बरोबर आहे, इतकंच. विमानतळ कोणता हे त्यावरून कळत नाही. आणि ‘फील्ड इन साइट’ (विमानतळ दिसला) एकट्याने म्हणायचं नाही. एकाने पट्टी दाखवायची, दुसऱ्याने आकडा वाचून खात्री करायची. हे शब्द उच्चारले की वाट शोधण्याची जबाबदारी कॉकपिटकडे येते, म्हणून ते घाईने उच्चारू नयेत.

दोष फक्त वैमानिकांच्या माथी मारू नका. ब्रॅन्सननंतर अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेने शिफारस केली की गोंधळ होऊ शकेल असे बाकीचे विमानतळ विमानाने मागे टाकल्याशिवाय कंट्रोलरने लँडिंग क्लिअरन्स देऊ नये. मला हा सर्वांत शहाणा उपाय वाटतो. लंडनमध्ये तर १९६० साली पॅन ॲमचं ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरलं होतं. वैमानिकांचा गोंधळ होऊ नये म्हणून तिथे वाटेतल्या गॅसच्या टाक्यांवर नॉर्थोल्टसाठी ‘एनओ’ आणि लंडन हीथ्रोसाठी ‘एलएच’ अशी मोठी अक्षरं रंगवली गेली.

आता नवी मुंबई. धावपट्टी ०८-२६ (दोन टोकांचे दोन आकडे), लांबी ३,७०० मीटर. मुंबईच्या २७ वर उतरणारी विमानं कोपरखैरण्यावरून साधारण दोन हजार फुटांवरून जातात. तुमचा विमानतळ त्या रेषेच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटर, डाव्या हाताला, आणि वाटेत आधी. उलट समुद्राकडून नवी मुंबईच्या ०८ वर येणाऱ्याला डावीकडे आधी मुंबई लागते. ०८ आणि ०९, २६ आणि २७: आकड्यांची जोडी पुन्हा तीच. मात्र दोन्हीकडे पट्टी लांब असल्यामुळे विमान टोकाबाहेर जाण्याची भीती कमी. खरी भीती आहे ती पट्टीवर आधीच उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाची, कारण त्या टॉवरला तुम्ही येताय हेच माहीत नसणार.

एक सांगायचं राहिलं. मुंबईच्या गर्दीत प्रवासी विमानं बहुतेक वेळा रडारच्या मार्गदर्शनाने आयएलएसवर आणली जातात, त्यामुळे शक्यता फार थोडी आहे. तुम्ही निर्धास्त झोपा.

आणि कोणी उतरलंच तर? जागेवर थांबायचं, टॉवरला सांगायचं, स्वतःच्या मनाने वळायचं नाही. पट्टी आखूड असेल तर प्रवासी आणि सामान उतरवायचं, जरुरीपुरतंच इंधन ठेवायचं, आणि त्या दिवशीचा वारा व तापमान धरून टेक-ऑफचा हिशेब नव्याने मांडायचा. ब्रॅन्सनचं ७३७ असंच रिकामं करून दुसऱ्या दिवशी उडवलं.