वाड्याच्या भिंतीला हात लावण्याआधी

भाऊ, जुन्या वास्तू जपायचा तुझा उत्साह पाहून बरं वाटलं. पण धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरींजवळ गवत काढायचं म्हटलं तरी आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घे. ते केंद्र संरक्षित स्मारक आहे, 100 मीटरच्या आत नवं बांधकामही चालत नाही. गावातल्या वाड्यांना असं कवच नाही, म्हणून माझ्या मते खरं काम तिथेच. आधी मालकाकडे चहाला बस, त्याचा विश्वास मिळव. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नकोस, मुळासोबत विटाही सुटतात. आणि चुन्याच्या भिंतीला कुणी सिमेंटचा गिलावा सुचवला तर हात जोडून थांबव. ओल आत कोंडते, सागाच्या खांबाचं बूड कुजतं. चुना महाग पडला तरी चुनाच. रविवारी ये, कोरीव चौकटींचे फोटो काढायचेत.