आधी कार्पेट उचला, मग ऑर्डर द्या

रेडिंगचे एक वाचक लिहितात: "माझ्याकडे १९६७ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. चार वर्षांपूर्वी ७,५०० पौंडांना घेतली. इंजिन उत्तम आहे, पण आतून गाडी पार थकलीय. सीट्स उसवल्यात, दारांची पॅनल्स खालून फुगलीत, कार्पेटला पावसाळी वास येतो. सगळं चामड्यात नव्यानं करून घ्यायचं ५,४०० पौंडांचं कोटेशन आलंय, व्हॅटसकट. पुढच्या दोन सीट्सचे १,९००, मागच्या बाकाचे ६००, दारांच्या आणि बाजूच्या पॅनल्सचे ७००, कार्पेटचे ५००, छताच्या अस्तराचे ८०० आणि सगळं काढून परत बसवायची मजुरी ९००. निम्मे पैसे आगाऊ. काढायचं-बसवायचं काम मी केलं तर ते ९०० वाचतील. आमच्या कॅश आयसात, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, १४,००० आहेत. महिन्याचा खर्च ३,२००, हातात ४०० उरतात. मुलगी पुढच्या सप्टेंबरात युनिव्हर्सिटीत जाईल. पैसे आयसातून काढू की शून्य टक्क्याच्या क्रेडिट कार्डावर टाकू? काम झालं की गाडी १३,०००ला जाईल असं सगळे म्हणतात, आणि गाडीच्या नफ्यावर कर नाही. म्हणजे ही गुंतवणूकच ना?" पत्राच्या खाली वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: "ह्यांना सांगा, आधी मुलीचं बघा."

गुंतवणुकीचा मुद्दा आधी निकालात काढू. गाडीचे ७,५०० आणि गादीकामाचे ५,४०० मिळून १२,९०० होतात. तुमच्याच आकड्यानं गाडी १३,०००ला गेली तरी हातात १०० पौंड उरतात. चार वर्षांचा विमा, दुरुस्ती, तेलपाणी यांतलं काहीच मी अजून धरलेलं नाही. एमजीबी ही दुर्मिळ गाडी नाही. अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ५ लाखांहून जास्त तयार झाल्या. सुटे भाग आजही मिळतात, इतकंच काय, ब्रिटिश मोटर हेरिटेज अख्खी नवी बॉडीसुद्धा बनवते. चालवणाऱ्याला हे सुख आहे, पण ज्या वस्तूचा तुटवडा नाही तिचा भाव अप्होल्स्ट्री केली म्हणून उसळत नाही. त्यातही छत असलेली जीटी सहसा उघड्या रोडस्टरपेक्षा स्वस्तात जाते. कराचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, मोटारगाडी विकून झालेल्या नफ्यावर इथे कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही. पण त्याच नियमानं तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

तेव्हा ही हौस आहे. मी हौसेच्या विरोधात नाही. माझ्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीच्या सीट्स दादरला गुलमोहराखाली बसून एका गादीवाल्यानं केल्या होत्या. फाटक्या कव्हरातून निघालेला काथ्याचा ढीग आणि वडिलांचा उजळलेला चेहरा मला आजही दिसतो. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं, पण बिलाला असतं, आणि ते कुठल्या पैशातून भरायचं हे ठरवावं लागतं.

आयसातून तर अजिबात नको. १४,००० म्हणजे तुमच्या घराचा साडेचार महिन्यांचाही खर्च नाही. त्यातून ५,४०० काढले की ८,६०० राहतात, म्हणजे पुरते तीन महिनेसुद्धा नाहीत. आणि हे नेमकं मुलगी घराबाहेर पडण्याच्या वर्षात. फीसाठी ट्यूशन लोन मिळेल, पण राहण्याखाण्याचं मेंटेनन्स लोन किती मिळायचं ते आईवडिलांच्या उत्पन्नावर ठरतं. तुमच्यासारख्या मध्यम कमाईच्या घरात ते कमी पडतं आणि वरची रक्कम आईवडिलांनी घालायची असते. खोलीचं डिपॉझिट, भाडं, लॅपटॉप, पहिल्या महिन्याचा किराणा हे सगळं सप्टेंबरच्या आसपास एकदम येतं. वहिनींनी लिहिलेली ती एक ओळ या पत्रातला सर्वांत नेमका आर्थिक सल्ला आहे.

कार्डाचं गणितही जमत नाही. शून्य टक्क्याची मुदत १८ महिने धरली तर महिन्याला ३०० भरावे लागतील. तुमच्या ४००मधले ३०० दीड वर्ष बांधले गेले, आणि मुलीचा सप्टेंबर बरोबर त्याच्या मधोमध. एखादा हप्ता चुकला तर शून्य टक्क्याची सवलत जाऊ शकते आणि उरलेल्या रकमेवर कार्डाचं नेहमीचं व्याज चालू होतं.

आता खरा मुद्दा. तुम्ही मला ५,४०० कुठून आणू असं विचारताय. पण तुमचं बिल ५,४०० आहे हे अजून कुणालाच माहीत नाही, कोटेशन देणाऱ्यालासुद्धा नाही. त्यानं वरची गादी पाहिली, खालचा पत्रा पाहिलेला नाही. आणि तुम्हीच लिहिलंय की कार्पेटला वास येतो.

एमजीबीला वेगळी चासी नसते, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावर असतो, आणि त्यातला मोठा वाटा दाराखालच्या सिल पेलतात. ही सिल तीन थरांची असते. बाहेरचा पत्रा, मधला आधार आणि आतला पत्रा. बाहेरचा थर रंगवून चकचकीत करता येतो, कित्येक गाड्यांत तर सडलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता झाकणासारखा वेल्ड केलेला असतो. आतल्या बाजूनं मात्र लबाडी करणं अवघड. तिथे पुठ्ठ्यासारखी पॅनल्स स्क्रूनं लावलेली असतात आणि कार्पेट चिकटवलेलं असतं, ते काढलं की पत्रा जसा आहे तसा समोर येतो. पाणी आत यायच्या वाटाही ठरलेल्या. विंडस्क्रीनचं रबर सुकतं, किंवा हीटरच्या हवेच्या कप्प्यातून पाणी खाली सोडणारी नळी पानांनी तुंबते. ते पाणी पायाशी उतरतं, कार्पेटखालच्या डांबरी थरात अडकतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

तुमच्या गाडीला ४० वर्षं कधीच उलटून गेली, त्यामुळे फारसे बदल केले नसतील तर एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. तरीही ऐच्छिक एमओटी करून घ्या, फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड आहे. पण तो तपासनीसही कार्पेट उचलत नाही, ते त्याच्या कामात बसत नाही. म्हणून आतलं सामान स्वतः काढण्याची तुमची कल्पना मला फार आवडली, फक्त तुम्ही सांगितलेल्या कारणासाठी नाही. ९०० पौंड वाचतात हा त्यातला किरकोळ फायदा. मोठा फायदा हा की मापं देण्याआधी, आगाऊ रक्कम भरण्याआधी गाडीची खरी अवस्था तुमच्या डोळ्यांसमोर येते.

म्हणून काढायचा क्रम महत्त्वाचा. एका दिवसात सगळी गाडी उघडी करू नका. आधी बॅटऱ्यांची जोडणी सोडा. तुमच्या सालच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, सीट्सच्या मागे फरशीच्या झाकणाखाली. मग सीट्स. प्रत्येकीला चार बोल्ट. सीट मागे सरकवली की पुढचे दोन दिसतात, पुढे सरकवली की मागचे. आठवडाभर आधीपासून रोज त्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. पाने इंचाचे लागतात, मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि बोल्टचं डोकं गोल करून टाकतो. बोल्ट जोर लावून फिरवू नका. खालचा नट फरशीलाच जोडलेला असतो, तो सुटून गोल फिरायला लागला की पत्रा कापण्यावाचून गत्यंतर नाही. सीट्स निघाल्या की पुढची सुटी कार्पेट उचला. तिथे थांबा.

एवढं एका दुपारचं काम आहे, आणि हवं तर संध्याकाळी सगळं होतं तसं बसवता येतं. म्हणूनच ते आधी करायचं.

आता हातात टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घ्या. पाय ठेवायच्या जागेचे पुढचे कोपरे, फरशी जिथे सिलला मिळते तो सांधा आणि मागे बॅटऱ्यांचे खण तपासा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. चांगला पत्रा ठणठणतो, सडलेल्याचा आवाज बद्द येतो. माझ्या एका क्लायंटच्या गॅरेजमध्ये मी या क्षणी शेजारी उभा होतो. डांबरी थराला वरून काहीच झालेलं नव्हतं, त्यानं टोक नुसतं टेकवलं आणि ते थेट खाली गेलं. आम्ही वाकून पाहिलं तर भोकातून गॅरेजची जमीन दिसत होती. त्याच्या नव्या सीट्स तेव्हा घरात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडल्या होत्या, पूर्ण पैसे दिलेल्या. मला आजही त्याची हळहळ वाटते.

पत्र्याचं काम निघालं तर ते गादीकामाच्या आधीच व्हायला हवं. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि उष्णता नव्या चामड्याला, कार्पेटला सोडत नाहीत. उलट क्रमानं केलं तर बसवलेलं परत काढा, जळलेलं परत करा, म्हणजे दोनदा पैसे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं व्हायचं. काम फारच मोठं निघालं तर सीट्स परत बसवा आणि गाडी ठेवायची की विकायची हे शांतपणे ठरवा. तेव्हा ती अखंड गाडी असेल. खोक्यांत भरलेल्या गाडीला गिऱ्हाईक फार पाडून मागतं.

पत्रा धड निघाला तर पुढे चला. दाराचं पॅनल काढताना काच खालीवर करायचा हँडल आणि दार ओढायची मूठ आधी सोडवा, मग चपटी पट्टी पॅनलच्या मागे सरकवून एकेक क्लिप उचका. क्लिपच्या अगदी जवळ पट्टी धरली नाही तर भिजून फुगलेला पुठ्ठा क्लिपसकट फाटतो. प्रत्येक पायरीचा फोटो काढा, स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा. जुनी कव्हरं, फाटलेलं पॅनल, काही टाकू नका. कारागिराला नवं कापायला तोच नमुना लागतो. छताच्या अस्तराला मात्र हात लावू नका. तुम्ही ते फाटलंय असं लिहिलेलं नाही, आणि ते ताणून सुरकुती न पडता बसवणं हे घरी शिकायचं काम नाही. ते ८०० आज वगळा.

एक विचार चामड्याबद्दलही करा. तुमच्या सालच्या मूळ गाडीतही सगळं चामडं नव्हतं. बसतो-टेकतो तेवढ्या भागाला चामडं, सीटच्या कडांना आणि दारांना रेक्झिन. मूळासारखं करून हवंय एवढं सांगून नवं कोटेशन मागा. सीट्स सुट्या असल्यानं त्या नेहमीच्या गाडीत टाकून दोन-तीन कारागिरांना दाखवता येतात, गाडी कुणाच्या आवारात ठेवावी लागत नाही.

पैशांची मांडणी मी अशी करीन. जुन्याच कोटेशननं धरलं तरी पुढच्या सीट्स आणि कार्पेट मिळून २,४०० होतात. तुमच्या शिल्लकीचे सहा महिने. आजपासून ४०० वेगळ्या खात्यात टाका. या सहा महिन्यांत पत्र्याचा तपास होईल, आणि वेल्डिंग लागलं तर याच पैशांवर पहिला हक्क त्याचा, सीट्स पुढे ढकला. त्यानंतरची शिल्लक मुलीच्या नावावर. बाक आणि पॅनल्स तिचं पहिलं वर्ष मार्गी लागल्यावर. आयसाला हात नाही.

क्रेडिट कार्ड एकाच कामासाठी वापरा. आगाऊ रकमेचा काही भाग त्यावर थेट कारागिराला द्या आणि बिल आलं की पूर्ण भरून टाका. कंझ्युमर क्रेडिट अॅक्ट १९७४च्या कलम ७५नुसार १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीत, कार्डावर थोडीच रक्कम भरली असली तरी, काम झालं नाही किंवा दुकान बुडालं तर संपूर्ण रकमेसाठी कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. कारागीर कार्ड घेत नसेल तर निम्मे आगाऊ देऊ नका, चामड्याच्या किमतीपुरतेच द्या. गाडी उघडी असताना विमा कंपनीला कळवा आणि नुसत्या उभ्या गाडीचा विमा मिळतो का विचारा. विमाच थांबवणार असाल तर आधी सॉर्न करा, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही अशी सरकारी नोंद. काम झालं की फोटो आणि पावत्या पाठवून ठरलेल्या किमतीचा विमा (गाडी गेली तर आधी ठरवलेली रक्कम मिळते तो) नव्यानं ठरवा.

आणि टप्प्यांत करणार आहात म्हणून एक गोष्ट विसरू नका. चामड्याचा रंग लॉटप्रमाणे बदलतो, दोन वर्षांनी तोच नंबर मागितला तरी छटा जुळेलच असं नाही. दोन्ही पुढच्या सीट्स एकाच लॉटमधून करा आणि मागच्या बाकाला लागेल तेवढं चामडं त्याच वेळी किती जादा पडतं ते विचारा. ते २,४००च्या वर जात असेल तर सहाऐवजी सातवा महिना थांबा आणि चामडं घरी आणून गुंडाळून ठेवा. घडी घालू नका, घडीची रेघ नंतर जात नाही.