नोकरी सुटली, गोपनीयतेचा करार सुटला का?

प्रश्न : कोल्हापूरच्या चित्रनगरीत चित्रीकरण होणाऱ्या मालिकेतल्या एका अभिनेत्रीचं इन्स्टाग्राम आणि तारखांचं काम मी पाहत होतो. काम सोडलं, दोन महिन्यांचा पगार अडकलाय. एका यूट्यूब चॅनेलवर मी त्यांच्या आजारपणाबद्दल आणि मानधनाबद्दल बोललो. सगळं खरंच होतं. आता मुंबईहून वकिलांची नोटीस आलीये : व्हिडिओ काढा, करारानुसार २५ लाख भरा. पगार मिळेपर्यंत त्यांचे खासगी फोटो माझ्याकडेच ठेवू का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : फोटोंचं आधी, कारण माणूस तिथंच अडकतो. ठेवू नका. ‘पगार द्या, नाहीतर फोटो बाहेर काढतो’ एवढा एक मेसेज गेला, की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीची तक्रार होऊ शकते. फोटो, पासवर्ड, पेन ड्राइव्ह यादी करून परत द्या आणि यादीवर सहीनिशी पोच घ्या. पगाराची मागणी वेगळ्या पत्रानं करा. पगाराबद्दलचे चॅट मात्र पुसू नका, तोच तुमचा पुरावा.

खरेपणा बदनामीच्या दाव्यात कामी येतो. करारभंगात न्यायालय दुसरंच विचारतं : ही माहिती तुम्हाला नोकरीमुळे कळली का, आणि ती आधीच जगजाहीर होती का? आजारपण ही तर निखळ खासगी बाब, तिथं तुमची बाजू लंगडी आहे. चॅनेलला तेवढा भाग काढायला लेखी कळवा. पत्रात ‘माझे सर्व हक्क अबाधित ठेवून’ हे शब्द हवेत, म्हणजे ती चुकीची कबुली ठरत नाही.

२५ लाखांनी झोप उडवून घेऊ नका. करार कायद्याच्या (१८७२) कलम ७४ नुसार करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी भरपाई किती, हे न्यायालय ठरवतं.

नोटिशीला दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट (‘आधी माझं ऐका’ असा अर्ज) दाखल करा, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय मनाई हुकूम निघणार नाही. त्याची प्रत समोरच्यांना पोचपावतीच्या पोस्टानं पाठवावी लागते आणि मुदत ९० दिवसांचीच; ती तारीख हमखास विसरली जाते. चुकीच्या न्यायालयातलं कॅव्हेट फुकट जातं, म्हणून करारातलं न्यायक्षेत्राचं कलम वाचा. शंका असेल तर मुंबईचं शहर दिवाणी न्यायालय आणि कसबा बावड्यातलं आपलं न्यायसंकुल, दोन्हीकडे करा. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचकडे धावू नका. असा दावा तिथं सुरू होत नाही.

प्रश्न : मी एका कलाकाराकडे मेकअप सहायक होते. करारात ‘दोन वर्षं दुसऱ्या कलाकाराकडे काम नाही’ आणि ‘कुठंही तक्रार नाही’ असं आहे. तिथं मला लैंगिक त्रास झाला.
— एक वाचक, मोरेवाडी

उत्तर : नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला बंदी घालणारी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली रद्दबातल आहे. तक्रारीवरची बंदीही टिकत नाही. मालकाविरुद्धच तक्रार असेल, किंवा तिथं दहापेक्षा कमी माणसं असतील, तर ती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्या. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्या तक्रारीतला मजकूर मात्र चॅनेलवर सांगू नका, ती गोपनीयता कायद्यानंच घातलेली आहे. पोलिसांत जायचा मार्ग वेगळा आणि खुलाच आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.