उठले, पण जाग येत नाही

प्रश्न : ताई, सहाचा गजर लावते, उठतेही, पण आठ वाजेपर्यंत डोकं जडच. गजर बंद करायला फोन हातात घेतला की अर्धा तास त्यातच जातो. ध्यान, डायरी, व्यायाम, गार पाण्याची अंघोळ असा मोठा बेत करून पाहिला, आठवड्यात बारगळला. माझ्यात चिकाटीच नाही. सोपं काही सांगाल का? – एक वाचक

उत्तर : चिकाटीचं मनाला लावून घेऊ नका. उठल्यावर १५ ते ३० मिनिटं, कधी तासभरही, मेंदूवर झोपेची गुंगी असते. अशा अवस्थेत डायरीत काय लिहिणार, कपाळ? निश्चय, शिस्त ही मंडळी उशिरा उठतात. डोळे आणि कातडी मात्र लगेच कामाला लागतात, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करू.

आधी उजेड. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, एवढं करा. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं. हे घड्याळ माझ्या पदरचं नाही. शरीराचं दैनंदिन चक्र पेशींमध्ये कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं आहे. लक्स या उजेडाच्या मापात घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ५०० भरतो, बाहेर मात्र ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार. फोनचा पडदा डोळ्यांत खुपतो खरा, पण बाहेरच्या उजेडापुढे तो काजवा! म्हणून दात घासताना गॅलरीत किंवा अगदी खिडकीला लागून उभ्या राहा. चार पावलं आत सरकलात तरी उजेड झपाट्याने घटतो. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, हे सांगायला नकोच. सहाला अंधार असेल तर घरातले दिवे लावा आणि उजाडल्यावर दहा मिनिटं बाहेर जाऊन या.

मग पाणी. गार पाण्याच्या अंघोळीचा हट्ट सोडा, नळाचं पाणी पुरतं. आधी दोन्ही मनगटं धारेखाली धरा. मग ओंजळ भरून कपाळावर, मिटल्या डोळ्यांवर. श्वास क्षणभर अडखळेल, अडखळू द्या. पुसायची घाई नको. पाणी कानामागून मानेवर ओघळतं, तिथे खरी हुशारी येते. मग टॉवेलने मान, कानांच्या पाळ्या, हात खसखसून पुसा. टॉवेल थोडा खरखरीत हवा. ते लुसलुशीत टॉवेल पाहुण्यांसाठी ठेवा.

वासाचं मला फारसं कौतुक नाही. सुगंधी तेलांच्या बाटल्यांचा बराच बोलबाला असतो, पण नाकाला कुठल्याही वासाची काही मिनिटांत सवय होते, आणि गाढ झोपलेल्याला वासाने जाग येणंही कठीणच. आवडीचा साबण असला की झालं. कानांना बातम्या नकोत, एखादं ठरलेलं गाणं चालेल.

फोनचं काय करायचं? गजराचं साधं घड्याळ घ्या आणि ते पलंगापासून लांब ठेवा, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. फोन रात्रीच दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. सकाळी तो हातात न घेण्याचा निर्धार करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

तुम्ही झोपता किती वाजता, हे मात्र पत्रात नाही. मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते; बाराला पडून सहाला उठत असाल तर आधी तिथे दुरुस्ती करा. आणि पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंग येत असेल, किंवा झोपेत मोठ्याने घोरता, मध्येच श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर यातलं काही करत बसू नका. सरळ डॉक्टरांना दाखवा.