रोज पाचच शब्द, पण पक्के

हे बघ, इंग्रजी शिकताना रोज पन्नास शब्दांची यादी घोकू नकोस, पाच पुरेत. तेही डिक्शनरीतून उचललेले नकोत, वाचताना अडलेले घे. आपल्या नागपुरात १९११ साली सुरू झालेला इंग्रजी पेपर 'हितवाद' घे आणि त्यातली एकच बातमी नीट वाच. शब्द सुटा लिहू नकोस, अख्खं वाक्य वहीत उतरव. 'डिपेंड' लिहिलंस तर पुढचा 'ऑन'ही आला पाहिजे, नाहीतर बोलताना नेमकं तिथंच अडखळशील. मग स्वतःचं वाक्य कर. बर्डीच्या बाजारातली गर्दी, मे महिन्यातलं ऊन, काहीही चालेल.

उजळणी मात्र चुकवायची नाही: दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, तीही अर्थ झाकून. आठवायला जोर लागतो तेव्हाच शब्द पक्का बसतो. रविवारी नवीन काही घेऊ नकोस, झालेलेच चाळ.